डोळे मिटा, पण झोपू नका

"डोकं धुऊन आले का?" हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोलले असेन, तितक्या वेळा नवऱ्याला "जेवले का?" असंही विचारलं नसेल. आमच्या वऱ्हाडात दवाखान्यात जायचं म्हणजे माणूस तयार होऊन निघतो. बाई ठेवणीतली साडी काढते आणि डोक्याला चापून तेल लावते. भुरभुऱ्या केसांनी डॉक्टरसमोर उभं राहणं म्हणजे सासरची आणि माहेरची, दोन्हीकडची इज्जत काढणं. आणि माझं मशीन असं नखरेल, की केसाला तेलाचं बोट लागलेलंही त्याला चालत नाही. त्यामुळे अकोल्याच्या पहिल्या नोकरीत सुरुवातीला मी मेंदूपेक्षा शांपूच्या पुड्यांबद्दलच जास्त शिकले. दवाखान्यामागच्या नळाखाली बायांना ओणवं करायचं आणि खसाखसा डोकं धुवायचं. नातेवाईक कमरेवर हात ठेवून पाहत उभे. एक म्हातारे मला म्हणाले होते, "मॅडम, आमी हिले इलाजासाठी आणलं, तुमी तं आंघोळ घालून राहिल्या."

मी ईईजी टेक्निशियन होते. बी.एस्सी., अमरावती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी संधी मिळेल तिथं सांगत असते, इथंही सांगून टाकलं. बाबा तिवशाकडच्या एका जिनिंगवर हमाल होते. नोकरी लागल्यावर त्यांना समजावलं, की माणसाच्या डोक्यात बारीक वीज असते, ती मी मोजते. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे मीटर वाचाची नोकरी व्हय." मग ते गावभर तसंच सांगत फिरले. गावाला ते काही पटलं नाही. गावात माझं नाव पडलं शॉकवाली.

ईईजी म्हणजे काय ते एकदाच सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. मेंदूत सतत वीज खेळत असते, पण इतकी बारीक, की हातातल्या घड्याळाचा सेल तिच्यापुढे पैलवान. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत टेपने माप घ्यायचं, पेन्सिलने खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवर एक चकचकीत छोटी वाटी पेस्टने चिकटवायची. वाट्यांच्या वायरी मशीनमध्ये जातात. मग लाटा उमटतात, आधी कागदावर उमटायच्या, नंतर कॉम्प्युटरवर. मशीन शॉक देत नाही. देत काहीच नाही, फक्त घेतं. हे मी प्रत्येकाला सांगायचे आणि त्याने कोणाचंही समाधान व्हायचं नाही. 'घेतं' म्हटलं की माणूस जास्तच सावध. त्यात आपल्या भाषेतही ईईजी 'काढतात', दात काढावा, रक्त काढावं तसा. एका सासूने मला अगदी हळू आवाजात विचारलं होतं, की डोक्यातलं जे काढलं ते परत टाकता की ठेवून घेता.

तिला मी हसले नाही. कारण संशय हीच आमच्या धंद्यातली पहिली शिकवण आहे. पापणी फडफडली की लाट उमटते. दात चावले की उमटते. कपाळाला घाम आला, पंख्याची वायर जवळ आली, खिशातला मोबाइल थरथरला, की लाट. त्या वर्षांत भारनियमन असं, की कधी लाइट जाईल याचा भरवसा नसायचा. इन्व्हर्टर चालू झाला की सगळ्या वाट्यांवर एकदम एकसारखी कुरकुर सुरू. नवखा माणूस त्यालाही रोग समजेल. म्हणून प्रत्येक लाटेला नाक्यावरच्या शिपायासारखं अडवायचं : तू कुठून आलीस? खरंच मेंदूतून आलीस का? ही सवय पुढे घरीही आली. माझा मुलगा म्हणतो, आई पोळीलासुद्धा आधी विचारते, की तू खरी का.

लाटांमध्ये एकच अशी आहे जिच्यावर मी कधी संशय घेतला नाही. माणसाला खरी झोप लागली, की पडद्यावर छोटे छोटे झुपके येतात, दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये फुगलेले. पुस्तकात त्यांचं इंग्रजी नाव चातीवरून पडलंय, स्पिंडल. ते वाचून मला फार आनंद झाला होता, कारण शाळेत आम्हाला टकळीवर सूत कातायला लावायचे, आणि सूत गुंडाळल्यावर चाती अशीच दिसायची. बाकी सगळ्याचं सोंग आणता येतं. डोळे मिटून, घोरून, झोपेचंही सोंग आणता येतं. पण चाती काही सोंगाने येत नाही.

अकोल्यातलीच आणखी एक गोष्ट सांगते. ती मी कितीतरी वर्षं विनोद म्हणून सांगत असे. करीमचाचांचा गाद्या-उशांचा धंदा होता. चाची गेल्यापासून त्यांचं बोलणं-खाणं कमी झालं, म्हणून मुलगा त्यांना घेऊन आला. मी वाट्या लावत होते. चाचांनी आरशात वायरी पाहिल्या आणि विचारलं, "बेटी, ये मशीन सुनती क्या है?" मी माझं नेहमीचं पुराण लावलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

"मतलब सडक के उस पार से शोर सुनती है," चाचा म्हणाले. "पर बारात है के झगडा, ये कैसे पयचानेगी?"

मी म्हणाले, "चाचा, बारातीत बाजा असतो ना."

"झगडे में भी बजता है, बेटी. हमारे मोहल्ले में आओ कभी."

मुलगा खो खो हसला. चाचाही हसले, त्यांना कित्येक दिवसांनी हसताना पाहतोय, असं तो नंतर मला म्हणाला.

पुढे मी अमरावतीला आले, एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात. त्यांना इथं नुसतं सर म्हणते. सर आमच्याच मातीतले, पेशंटशी वऱ्हाडीत बोलणारे, आणि वेळ काढून गावोगाव शिबिरं घेणारे. कापसाच्या गावांतून रोज काही ना काही वाईट कानावर येण्याची ती वर्षं होती. शहरातून गाड्या यायच्या. कॅमेरेवाले यायचे, सर्वेवाले यायचे, डोळे पुसणारे यायचे. लोक आधी भडाभडा बोलले, मग त्यांच्या लक्षात आलं की गाड्या जातात त्या जातात, आणि बोलणं बंद झालं. आमची गाडी शाळेसमोर थांबली, की पारावरून कोणीतरी विचारायचं, "कोन्या पेपरचे?" आम्ही दवाखान्याचे, असं म्हटलं तर दुसरा प्रश्न यायचा, "मंग लिहून काहून घेता?"

आमच्याकडे कोणी 'मला डिप्रेशन आहे' असं म्हणत नाही. म्हणतात, मन लागत नाही. भूक लागत नाही, डोळा लागत नाही, गोड लागत नाही. सगळा रोग त्या 'लागत नाही'मध्ये आला. औषधही आमच्याकडे लागतं, नाहीतर लागत नाही. आणि या रोगाच्या औषधाचं दुखणं असं, की ते लागायला काही आठवडे जातात, आणि लागेल की नाही हे तेवढे आठवडे गेल्याशिवाय कळत नाही. पहिली गोळी सगळ्यांना लागत नाही. मग दुसरी द्यायची, पुन्हा थांबायचं. शहरातला माणूस थांबेल. आमच्या माणसाची पेरणी येते, वेचणी येते, एसटी बंद पडते, आणि गोळीने काही झालं नाही म्हणून तो पंधरा दिवसांत सोडून देतो. काहींच्या बाबतीत जे व्हायचं ते त्याच आठवड्यांत होऊन जातं. सरांना त्या आठवड्यांची धास्ती असायची.

म्हणून एका मोठ्या शहरातल्या संशोधकांनी सरांना त्यांच्या प्रकल्पात घेतलं, तेव्हा सर हरखून गेले. कल्पना सोपी होती. गोळी सुरू करायच्या आधी एक ईईजी काढायचा, आठवड्याने दुसरा. कपाळामागे मधोमध संथ लाटांचा जोर किती आहे ते कॉम्प्युटरने पाहायचं आणि आधीच सांगायचं, की या माणसाला ही गोळी लागेल का. लागणार असेल तर कागदावर हिरवा पट्टा, नसेल तर तांबडा. महिना-दीड महिना वाया जायला नको.

मी हवामानाचे अंदाज ऐकून पेरलेल्या गावातली पोरगी. मला त्या हिरव्या पट्ट्याचा पहिल्या दिवसापासून संशय येत होता. एकाच लाटेवरून इतकं कसं सांगता, असं मी त्यांच्या समन्वयक बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, तेच तर शोधतोय. उत्तर प्रामाणिक होतं, पण मग आत्ताच पट्टा कशाला छापता? नियमाप्रमाणे तो पट्टा उपचार ठरवायला वापरायचा नव्हता, फक्त नोंद करायची होती. सर म्हणायचे, मी त्याच्याकडे बघतही नाही. पण हिरवा कागद टेबलावर असला की माणूस आपोआप सैल पडतो. मी बघत होते ना.

पेशंटला द्यायची सूचना त्यांनीच मराठीत लिहून पाठवली होती : डोळे मिटून शांत बसा, झोपू नका. कोणी पेंगायला लागलं, की मी टाळी वाजवायची. झोपेच्या लाटा आल्या की रेकॉर्ड बाद.

निर्मलाबाई चांदूर रेल्वेच्या. माहेर मोझरीच्या बाजूच्या एका गावातलं. नवरा वसंतराव, त्यांची पिठाची गिरणी. कितीही धुऊन-पुसून आले तरी भुवयांत पीठ राहिलेलं. बाईंचा धाकटा भाऊ आदल्या वर्षी गेला होता. कसा, ते वसंतरावांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या भागात तेव्हा ते विचारायची गरज पडत नव्हती. त्यानंतर बाईंचं हळूहळू सगळंच लागणं बंद झालं. रात्ररात्र छताकडे पाहत पडून राहायच्या.

मला मात्र त्या पहिल्याच दिवशी आवडल्या. कारण सांगायला लाज वाटत नाही : त्यांचं डोकं धुवावं लागलं नाही. केस कोरडे ठणठणीत, तेलाचा पत्ता नाही. मनात म्हटलं, चला, एका तरी बाईने सांगितलेलं ऐकलं. वाट्या अशा बसल्या की बस. आणि रेकॉर्ड तर पाठ्यपुस्तकात छापावं असं. बाकीचे लोक खुर्चीत चुळबुळतात, गिळतात, एका डोळ्याने मशीनकडे बघतात. या बाई मूर्तीसारख्या बसल्या. पापणी हलली नाही. कपाळाच्या मधोमध संथ, एकसारख्या लाटांची रांगच लागली.

इतकं चांगलं रेकॉर्ड आलं म्हणजे मला संशय यायलाच हवा, तो आला. झोपल्या की काय? मी चात्या शोधल्या, एकही नव्हती. टाळी वाजवली. "जाग्या आहे ना, ताई?"

"हो," लगेच उत्तर आलं. आवाजात झोप अजिबात नव्हती.

आठवड्याने दुसरा ईईजी काढला. लाटांचा जोर आणखी वाढलेला. त्यांचा पट्टा हिरवागार आला. सर वसंतरावांना म्हणाले, "भाऊ, चिंता करू नका. हे औषध लागनार."

पण ते लागलं नाही. पुढच्या खेपेला बाई आणखी उतरलेल्या होत्या. त्याच्या पुढच्या खेपेला, महिना होत आला तेव्हा, त्या बोलेनाशाच झाल्या होत्या. सरांनी काही विचारलं की वसंतरावच उत्तर द्यायचे. सर म्हणाले, या औषधाला वेळ लागतो, अजून थोडे दिवस पाहू. ते खोटं नव्हतं, वेळ लागतोच. पण हे म्हणताना त्यांनी फाइलमधला हिरवा कागद वर काढून ठेवला होता.

आता औषध चांगलं, अंदाज चांगला आणि गुण नाही, म्हणजे चोर दुसरीकडे असणार. माझा संशय गेला वसंतरावांवर. बायकोला वेड्याच्या डॉक्टरकडे नेतो म्हणून भावकीत बोलणी खाल्लेला माणूस गोळ्या गुपचूप बंद करतो, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवा म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला. खिशातून पिशवी काढली, पिशवीतून पाकिटं. सगळी रिकामी, सगळी नीट जपून ठेवलेली.

"मॅडम, मी गिरनीवाला आहो," ते म्हणाले. "बायाचं दळण ठेवून बाया शेतात निंघून जातात. आजवर एकीचं पीठ दुसरीच्या डब्यात जाऊ देल्लं नाही. घरच्या मानसाची गोळी चुकवीन काय?"

मी पाकिटं परत पिशवीत घातली. ते मात्र आता थांबायला तयार नव्हते. त्यांचाही एक संशय होता आणि तो माझ्यावर होता. "तुमच्या मशीननंच काही घोळ केला. थे वायरी लावल्यापासून हिचं ध्यान वाढलं."

"कसलं ध्यान?"

"ध्यान म्हंजे ध्यान. तिच्या बाबानं लहानपनी शिकवलं. पायटे उठून डोये मिटून बसते. पयले थोडा वेळ बसे, मंग उठून कामाले लागे. आता बसली का उठतच नाही. हाक मारली तरी आयकत नाही." मग जरा नरमून म्हणाले, "मी म्हनलं, देवाचं नाव घेऊन राहिली तं घेऊ द्या."

मी तिथंच उभी राहिले. डोळे मिटून शांत बसा. शहरात बसून कोणीतरी हे वाक्य लिहिलं, तेव्हा त्याच्या मनात रिकामं बसणं होतं. पण मोझरीच्या आश्रमाकडच्या गावांत, जिथं सकाळी ध्यान आणि संध्याकाळी प्रार्थना होते, तिथं लहान पोरालाही हे वाक्य म्हणा, ते पाठ ताठ करेल, हात मांडीवर ठेवेल आणि ध्यानाला लागेल. माझं स्वतःचं गाव त्याच रस्त्यावर. मी स्वतः शाळेत तशी बसलेली. मी ते वाक्य इतक्या माणसांना म्हटलं आणि मला एकदाही वेगळं वाटलं नाही, कारण त्यात आम्हाला वेगळं वाटण्यासारखं काही नव्हतंच.

सरांना जाऊन सांगितलं. सर लागलीच कॉम्प्युटरपाशी आले, दोन्ही रेकॉर्ड पुढेमागे करून पाहिली. जिथं डोळे उघडे तिथं कपाळावरच्या त्या लाटा कमी, मिटले की रांग. आता कोणालाही दिसलं असतं. सर म्हणाले, मन एका जागी धरून ठेवलं तरी नेमक्या त्याच ठिकाणी अशा लाटा येऊ शकतात; बाई ध्यान करत असतील तर हा हिरवा पट्टा बहुतेक ध्यानाचा आहे, औषधाचा नाही. खात्रीने मात्र त्यांनाही सांगता येईना. मग म्हणाले, "त्याईलेच विचारू ना."

इतके दिवस मशीनला विचारलं, कॉम्प्युटरला विचारलं, वसंतरावांना विचारलं. बाईंना हे कोणी विचारलंच नव्हतं.

त्या आत आल्या. सरांनी वसंतरावांना चहा सांगायला बाहेर पाठवलं. मला थांबायला सांगितलं, बाईमाणूस सोबत असावं म्हणून. सरांनी खुर्ची पुढे ओढली.

"निर्मलाताई, डोये मिटून बसता तवा मनात काय चालू असते?"

बाहेर कपबशा वाजल्या. मग त्या बोलल्या, मान खाली घालून, अगदी सपाट आवाजात.

"बाबानं शिकवलं व्हतं. श्वास घेतला का नाम, सोडला का नाम. आता नाम येत नाही सर. नामाच्या जागी 'बस झालं' येते. श्वास घेतला का बस झालं, सोडला का बस झालं."

"कधीपासून?"

"भाऊ गेला तवापासून. पयले मी नाम वढून वढून आनत जाओ. मंग सोडून देल्लं. ह्या ताईनं म्हनलं शांत बसा, मले शांत बसाची दुसरी तऱ्हा येत नाही. कोनाले सांगू? लोकं म्हनतीन, ध्यानात बसून हे?"

सरांनी आडवळणाने काही विचारलं नाही. जीव द्यावा असं मनात येतं का, हे त्यांनी 'पाणी पाहिजे का' विचारावं इतक्या सरळ विचारलं. नव्या डॉक्टरांना ते नेहमी सांगायचे, की विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. शिरलेला असला तर बाहेर यायला वाट मिळते.

"येत नाही," बाई म्हणाल्या. "थो तं बसलेलाच असते."

त्या दिवशी त्यांना घरी जाऊ दिलं नाही. वसंतरावांनी गिरणीला कुलूप लावलं आणि वॉर्डातल्या पलंगाशेजारी सतरंजी टाकली. बाईंना एकटं सोडायचं नाही, अगदी मोरीपर्यंतसुद्धा, असं त्यांना बजावलं. सरांनी गोळी बदलली. संध्याकाळी मी निघताना सर तो हिरवा कागद समोर घेऊन बसले होते. म्हणाले, हा पट्टा नसता तर मागच्याच खेपेला मी गोळी बदलली असती का हो? ते मला विचारत नव्हतेच.

करीमचाचांची ती गोष्ट मी त्यानंतर कधी विनोद म्हणून सांगितली नाही.

बाई बऱ्या झाल्या. कशाने, त्याबद्दल तीन मतं आहेत. सर म्हणतात, दुसरी गोळी लागली. वसंतराव म्हणतात, मोझरीला जाऊन डोकं टेकवून आले, त्याने. मला वाटतं, जे कोणाला सांगता येत नव्हतं ते एकदा तोंडातून बाहेर पडलं, त्याचाही वाटा असेल. पण मी शपथ घेणार नाही. प्रकल्पवाल्यांनी मात्र चौथंच काढलं. ठरलेल्या मुदतीच्या शेवटी बाई सुधारलेल्या दिसल्या, म्हणून त्यांनी कळवलं : अंदाज बरोबर आला. सरांनी उलट कळवलं, की बाबांनो, अंदाज होता पहिल्या गोळीचा आणि बरं वाटलं दुसरीवर. मग ध्यानाचं सगळं प्रकरणही सविस्तर लिहिलं. त्यावर उत्तर आलं, की औषध बदलल्यामुळे हा पेशंट मोजणीतून वगळला आहे. म्हणजे बरोबर म्हणूनही मोजला नाही आणि चूक म्हणूनही नाही. शेतकरी गेलेल्या घरांच्या सरकारी मदतीच्या अर्जांवर पडणारा 'अपात्र' हा शब्द आमच्या भागाला तेव्हा काही नवा नव्हता.

मला मशीनचा राग नाही, हे सांगून ठेवते. त्याच मशीनने मला घर दिलं, मान दिला. तांबडा पट्टा येऊन औषध न लागलेलेही पेशंट होते, हिरवा येऊन लागलेलेही होते. पुढे कोणी हे नीट साधेल, आणि साधलं तर त्याच्या पायावर डोकं ठेवायला मी तिवशाहून चालत जाईन. पण तो जे आकडे दाखवेल त्याच्याआधी मी वगळलेल्यांची नावं मागेन. मी त्या दिवसापासून सूचना बदलली. डोळे मिटायला सांगायच्या आधी विचारायचे, घरी कधी असं बसता का, काय म्हणता, काय मोजता. कोणी ध्यान म्हणायचं, कोणी तस्बीह, कोणी म्हणायचं रोजीचा हिशेब करतो. नामाच्या जागी दुसरं काही येतं का, तेही विचारायचे.

शेवटचा ईईजी राहिला होता. मोजणीतून काढलं तरी ठरलेलं रेकॉर्ड पाठवा, असं त्यांचं म्हणणं. वसंतराव बाईंना घेऊन आले. मी दारातच पाहिलं आणि माझा आवाज चढला. डोकं तेलाने निथळत होतं. भांग पाडलेला, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, आणि तेल पार कानामागे ओघळलेलं.

"ताई, सांगितलं होतं ना, तेल लावू नका म्हणून? पहिल्या वेळी कशा आल्या होत्या, तसं यायचं."

"अवो बाप्पा," निर्मलाबाई म्हणाल्या, "दवाखान्यात याचं तं तसं भुतावानी येऊ काय?"

वसंतराव मागे उभे राहून हसत होते. मी त्यांना नळावर नेलं, पाणी जरा कोमट करून घेतलं आणि डोकं धुऊन दिलं. दोन पुड्या लागल्या. मग खुर्चीत बसवलं, वाट्या लावल्या, आणि नव्या पद्धतीने म्हणाले, "डोळे मिटा. ध्यान नको, नाम नको, काहीच करू नका. फक्त झोपू नका."

थोड्याच वेळात त्यांची मान एका बाजूला कलली. आधी मला वाटलं, सांगितल्याप्रमाणे काहीच न करण्याचा प्रयत्न चाललाय. मग वाटलं, मला बरं वाटावं म्हणून करतात की काय. जन्माची खोड. मी पडद्याजवळ चष्मा नेला. कपाळावरची ती रांग विसकटली, लाटा पसरट होत गेल्या. मग मधोमध एक चाती आली. थोड्या वेळाने दुसरी.

नियमाप्रमाणे टाळी वाजवायची होती. मी उठून खिडकीचा पडदा ओढला.

ते रेकॉर्ड प्रकल्पवाल्यांनी निरुपयोगी असा शेरा मारून परत पाठवलं. मी काढलेल्या सगळ्या रेकॉर्डांपैकी मला खात्रीने वाचता आलेलं ते एक.